जुन्या गाडीस नवे एंजिन

पुण्याच्या बजाज टेंपो कारखान्याची मॅटाडोर गाडी नांदेड-लातूरकडील पालकांस एके काळी सुपरिचित होती. अशा जुन्या गाडीत निजण्याची व स्वयंपाकाची सोय करून, थकलेल्या एंजिनाऐवजी दुसरे जोरदार एंजिन बसवावे, असा विचार कित्येकांच्या मनात येतो. सांगाडा शाबूत असता गाडी मोडीत काढणे हा अपव्ययच होय. म्हणून ह्या विचारास आमचा विरोध नाही. परंतु शक्ती वाढविली की कार्यभाग झाला, हा समज घातक आहे. वेग दुप्पट झाला असता ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास लागणारे अंतर सुमारे चौपट होते. सबब एंजिनाबरोबर ब्रेक व क्लच तपासलेच पाहिजेत. आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अपुऱ्या रेडिएटरचा निभाव लागणे कठीण. शिवाय नोंदणीपत्रात एंजिनाचा क्रमांक लिहिलेला असतो. परिवहन कार्यालयाच्या संमतीवाचून तो चोरून बदलणे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यास धरून नाही, व अपघात झाल्यास विम्याची भरपाईही संकटात येते.

विद्यार्थ्यांनो, ज्या यंत्रावर आपली माणसे बसवावयाची, त्यास आवरण्याची तजवीज आधी करावी, बळ मागून वाढवावे. ब्रेकांचा खर्च झेपत नसेल, तर जुनेच एंजिन दुरुस्त करून सावकाश जाणे अधिक शहाणपणाचे होय.