प्राणहितेचे ऋण

अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरांवर, त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर जन्म घेऊनही गोदावरी त्या समुद्राकडे पाठ फिरवते आणि अवघे दख्खनचे पठार ओलांडून १,४६५ किलोमीटरांच्या प्रवासानंतर बंगालच्या उपसागराला मिळते, हे आपल्याकडील शाळकरी मुलासही ठाऊक असते. नाशिक, पैठण, गंगाखेड, नांदेड ही तिच्या काठची क्षेत्रेही मुखोद्गत असतात. परंतु राजमहेंद्रीपाशी जिचा पैलतीर दृष्टीच्या टप्प्यात येत नाही त्या नदीचे पाणी येते कोठून, असा प्रश्न केला असता सुशिक्षित गृहस्थाचेही बोट बहुधा त्र्यंबकेश्वराकडेच वळते. आणि भूगोलाच्या या अज्ञानाचे परिणाम आपल्या राज्यकारभारात उमटलेले आहेत, हे मला येथे सांगावयाचे आहे.

नाशिक-इगतपुरीच्या घाटमाथ्यावर पर्जन्य अमाप, परंतु तो पट्टा अरुंद. दारणा, कादवा, मुळा, प्रवरा या नद्या तेथले पाणी घेऊन उतरतात खऱ्या, तथापि सह्याद्रीची पर्जन्यछाया लगेच सुरू होते आणि पैठणच्या पुढे गोदावरीला भेटणाऱ्या सिंदफणा, पूर्णा यांची झोळी अवर्षणाने रितीच असते. मांजरा तर बालाघाटच्या डोंगरात उगवून, तीन राज्यांचा मुलूख तुडवून, ७२४ किलोमीटर चालून येते. पण तिचा मार्गच कोरड्या प्रदेशातून असल्यामुळे लांबीच्या मानाने तिचे दान थोडे.

याच्या उलट प्राणहिता. तिची स्वतःची लांबी अवघी ११३ किलोमीटर, म्हणून नकाशावर ती डोळ्यांत भरत नाही; परंतु तिच्या मागे सिवनीच्या पठारावरून निघून भंडारा-गडचिरोलीस वळसा घालणारी वैनगंगा आहे, मुलताईच्या ज्या परिसरातून तापी पश्चिमेस जाते तेथूनच दक्षिणेची वाट धरणारी वर्धा आहे, आणि अजिंठ्याच्या रांगांतून येऊन वर्धेत विलीन होणारी पैनगंगा आहे. या तिघींचे मिळून सुमारे एक लक्ष नऊ हजार चौरस किलोमीटरांचे क्षेत्र, म्हणजे तीन लक्ष बारा हजारांच्या समग्र गोदाखोऱ्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग, सिरोंच्याजवळ गोदावरीच्या स्वाधीन होतो. पुढे सोमनूरला कालाहंडीच्या डोंगरांतून आलेली इंद्रावती मिळते, आणखी खाली शबरी येते, आणि तेव्हा कोठे त्या नदीस तिचे विख्यात स्वरूप प्राप्त होते. वैनगंगेच्या खोऱ्यात वर्षाकाठी हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, ही एकच गोष्ट मराठवाड्याच्या वाचकास पुरेशी बोलकी वाटेल.

आमचे सार्वजनिक लक्ष मात्र जायकवाडीच्या वर-खाली खिळलेले आहे. वरच्या धरणांतून पैठणला पाणी सोडण्याचा तंटा २००५ च्या कायद्याने आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने काही प्रमाणात मार्गी लागला. समन्यायी वाटपाचे ते तत्त्व न्याय्य आहे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. पण खोऱ्याच्या सर्वांत कृश भागातील हा वाद म्हणजेच गोदावरीचा प्रश्न, अशी जी समजूत रूढ झाली आहे ती अपुरी आहे. १९६९ साली नेमलेल्या बचावत लवादापुढे राज्याराज्यांनी या नदीचा हिशेब बारा उपखोऱ्यांनिशी मांडला होता. राज्याच्या आत मात्र त्याच खोऱ्याचा कारभार एका महामंडळाने छत्रपती संभाजीनगरहून आणि दुसऱ्याने नागपूरहून पाहावा, आणि वर्धेच्या काठच्या कोळशाच्या खाणींचे सांडपाणी हे चंद्रपूर जिल्ह्याचे गाऱ्हाणे म्हणून दप्तरी दाखल व्हावे, अशी स्थिती आहे. तेलंगणाने मेडीगड्डा येथे बांधलेल्या आणि २०१९ मध्ये सुरू झालेल्या बंधाऱ्याच्या फुगवट्याने सिरोंच्याच्या शेतकऱ्यांची उभी पिके बुडाली, तेव्हा ती तक्रार सरहद्दीवरच्या एका दुर्गम तालुक्याची ठरली. गोदाकाठच्या किती गावांनी ती आपली मानली?

आता वैनगंगेचे पाणी गोसीखुर्दहून नळगंगेपर्यंत नेण्याच्या योजनेस मंजुरी मिळाली आहे. पश्चिम विदर्भाची तहान खरी आहे आणि मी त्या योजनेचा वैरी नाही; परंतु उपनदीतून उचललेल्या प्रत्येक थेंबाचा जमाखर्च खाली सिरोंच्यापर्यंत मांडून दाखविल्यावाचून असे काम हाती घेणे अनुचित होय. म्हणून जलसंपदा खात्यास माझी विनंती आहे की, ब्रह्मगिरीपासून सोमनूरपर्यंतच्या, महाराष्ट्रातील सर्व गोदाखोऱ्याचा पाण्याचा ताळेबंद दरवर्षी एकत्र प्रसिद्ध करावा, आणि सिरोंच्याहून आलेल्या अर्जाची चौकशी पैठणहून आलेल्या अर्जाइतक्याच तातडीने करावी.