बालरुग्णाची एक रात्र आणि आपल्या बैठका

आपल्या संघटनेच्या बैठकांचा क्रम सर्वांच्या अंगवळणी पडला आहे. धन्वंतरिपूजन, पाहुण्यांचे व्याख्यान, एखाद्या नव्या कल्पाची माहिती आणि शेवटी स्नेहभोजन. या क्रमाविषयी आमची तक्रार नाही. मात्र मध्यरात्री दारावर थाप पडते आणि मातेच्या खांद्यावर निपचित बालक असते, तेव्हा यांतील किती उपयोगी पडते, याचा विचार व्हावा, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आठ महिन्यांचे एक बालक सायंकाळी आमच्याकडे आणले गेले. मधूनमधून ते कळवळून रडे व पाय पोटाशी घेई. दोनदा उलटी झाली होती. दोन कळांच्या मध्ये ते मलूल होऊन पडे. त्या स्वस्थतेला आम्ही उपशय मानले आणि उदरशूलाचे औषध देऊन घरी पाठविले. पहाटे ते पुन्हा आले, तेव्हा मल रक्तमिश्रित, जेलीसारखा होता. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरला होता. आधुनिक शास्त्र यास इंटससेप्शन म्हणते. वेळीच ओळखल्यास गुदमार्गे हवा वा द्रव सोडून असे आतडे पुष्कळदा शस्त्रकर्माविना पूर्ववत करता येते. या बालकाचे पोट उघडावे लागले. बालक वाचले, परंतु ती एक रात्र आम्ही गमावली होती.

काश्यपसंहितेतील वेदनाध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी वाचला आहे. न बोलणाऱ्या बालकाची वेदना त्याच्या चेष्टांवरून कशी जाणावी, हे त्यात सांगितले आहे. स्तन सोडून देणे, रडणे, पोट ताठ होणे, मुखावर घाम येणे ही शूलाची लक्षणे होत. आम्ही शूल ओळखला, पण शूलाचे कारण शोधण्यापूर्वीच थांबलो. ही उणीव ग्रंथाची नव्हे, आमच्या अभ्यासाची होती.

हा अभ्यास रुग्णचर्चेतून होतो. कोकणातील प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांजवळ बसून लक्षणांच्या नोंदी केल्या. त्या १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि पुढे त्यांनी रूढ केलेल्या प्राझोसिनच्या उपचाराने अनेक बालकांचे प्राण वाचले. खेड्यातील एका वैद्यकाच्या नोंदवहीचे हे सामर्थ्य आहे.

आमची सूचना अशी. प्रत्येक बैठकीत एक तास एका बालरुग्णासाठी राखावा. वृत्तांत टप्प्याटप्प्याने मांडावा, निदान शेवटपर्यंत सांगू नये आणि प्रत्येक टप्प्यावर ‘आता काय कराल, केव्हा पाठवाल?’ हे उपस्थितांस विचारावे. बालरोगतज्ज्ञांस आवर्जून बोलवावे. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांवर आपलेच अनेक पदवीधर सेवा देतात. त्यांचे अनुभव ऐकावेत. घड्याळ लावून श्वास मोजण्याचा सराव करावा. शांत बालकाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांखाली ६०, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५०, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरल्यास श्वास जलद समजावा. त्यासोबत छाती आत ओढली जात असेल, बालक स्तनपान घेत नसेल किंवा गुंगीत असेल, तर काढ्याचा विचार न करता ते तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

औषधालयचालक बंधूंनीही या चर्चेस बसावे. जुलाब झालेल्या बालकाची माता बहुधा प्रथम त्यांच्याकडेच जाते. तिच्या हाती प्रमाणित ओआरएस पडते की नुसते गोड पेय, हे त्यांच्यावर अवलंबून असते. डोळे खोल गेलेले, लघवी थांबलेली, बालक सुस्त झालेले दिसल्यास विक्री बाजूला ठेवून त्यांनी रुग्णालयाची वाट दाखवावी.

चूक सांगितल्याने अप्रतिष्ठा होईल, अशी भीती काहींना वाटेल. ती आम्हांसही वाटत होती. पण आमची चूक आमच्याजवळच राहिली, तर शेजारच्या गावात तीच पुन्हा घडेल आणि तिची किंमत दुसरे बालक देईल. पुढील बैठकीत पहिला रुग्णवृत्तांत आम्ही मांडू. दुसरा कोणी मांडावा, हे व्यवसायबंधूंनी ठरवावे.