वजन आणि पांढरा घास

वजन उतरवायचे म्हणून उपाशी राहू नका. आधी मैदा, साखर आणि पॉलिशचा तांदूळ कमी करा. तांदूळ पॉलिश करताना, मैदा काढताना कोंडा जातो. त्याबरोबर चोथा व ब जीवनसत्त्वेही जातात. म्हणूनच पाव-खारी खाऊन लवकर भूक लागते. चार कप चहात दोन-दोन चमचे साखर म्हणजे 40 ग्रॅम, सुमारे 160 कॅलरी. दही, अंडी, मुळा मात्र पांढरे म्हणून सोडू नका. मधुमेहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच आहार बदला.

ज्वारी-बाजरीची भाकरी गरिबीची खूण समजून आपण ताटाबाहेर काढली. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष याच भरडधान्यांचे म्हणून पाळले. भाकरीही मोजूनच खा, सोबत डाळ-पालेभाजी घ्या. आणि मुलांच्या डब्यात ती देताना लाजू नका.