तबलजीचं नाव कुठे गेलं?

तबकडीचा आवाज डिजिटलपेक्षा सरस, हा दावा मला पटत नाही. सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. माझ्या साठी ओलांडलेल्या कानांना तेवढे पुरून उरतात. शिवाय एलपीची एक बाजू २०-२२ मिनिटांत संपते, द्रुत ऐकायला उठावं लागतं. तरीही माझ्या एलपी मी रद्दीत घालणार नाही, त्या कव्हरांसाठी. मागच्या बाजूला राग, ताल, तबल्याला कोण, हार्मोनियमला कोण, सगळं छापलेलं असतं. मोबाइलवर तोच ख्याल लावा: गायकाचं नाव ठळक, साथीदार बहुधा गायब! ज्याच्या ठेक्यावर समेला आपण मान डोलावतो, त्याच्यासाठी पडद्यावर एक ओळ नाही? कंपन्यांनो, आवाज उत्तम देताच; आता श्रेयही द्या.