आधी पाणी मोजा, मग जमीन कापा!

पनवेल, पेण, खालापूर, कर्जतच्या माळांची आज राजरोस खांडोळी चालली आहे. जेसीबी फिरवायचा, चुन्याची फक्की मारायची, कमानीवर नवी मुंबईच्या नव्या विमानतळाचे अंतर रंगवायचे आणि गुंठ्यागुंठ्याने प्लॉट विकून मोकळे व्हायचे! खाली पाणी किती आणि ते पिण्याजोगे आहे का, हे विकणारा सांगत नाही. त्याचा दाखला मागितल्यावाचून दस्त नोंदवणाऱ्या सरकारला तरी ते विचारायची लाज का वाटावी?

कोकणात एवढा पाऊस, मग टंचाई कसली, असे म्हणणाऱ्यांनी पायाखालचा दगड पाहावा. हा काळा पाषाण आहे. पाणी राहते ते त्याच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. बाकीचे उतारावरून थेट खाडीला मिळते. एका बोअरला पाणी लागले म्हणून शेजारच्या गुंठ्यात लागेलच असे नाही, आणि ऑगस्टमध्ये लागलेले मे महिन्यात टिकेल याची तर मुळीच खात्री नाही. टंचाई सोसणाऱ्या पेणच्या खारेपाटाला हे कोणी शिकवायला नको.

आता एका एकराचे चाळीस तुकडे पाडा. एक गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद. जिथे नळ नाही, गटार नाही, तिथे घर, बोअर आणि शौचालयाचा खड्डा सारे तेवढ्यातच बसवायचे! म्हणजे शेजाऱ्याच्या खड्ड्यातले उद्या तुमच्या हंड्यात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असे भारतीय मानक सांगते. ते तपासणार कोण? रसायनांचे तर बोलायलाच नको. 2017 साली कसाडी नदीकाठच्या तळोज्यात कारखान्याच्या रंगाने कुत्री निळी झाली, हे साऱ्या देशाने पाहिले. तेवढ्यानेही कोणाची झोप फार दिवस उडाली नाही!

आणि या साऱ्यात पहिला बळी जातो तो प्लॉट घेणाऱ्याचा नव्हे, डोंगराकडेच्या कातकरी-ठाकर वाडीचा. खोल बोअर खेचू लागली की वाडीची उथळ विहीर आधी आटते. सार्वजनिक पेयजल स्रोताभोवती 500 मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर खणू नये, असा कायदा आहे. राज्याचा 2009 चा भूजल कायदा 2014 पासून लागूही आहे. कागदावर!

2013 मध्ये विमानतळाभोवतीच्या, सिडकोच्या ‘नैना’ नियोजन क्षेत्रात 270 गावे ओढली. शेतकऱ्याला 40 टक्के भूखंड परत देण्याचे गणित पक्के बसवले; त्या भूखंडाखालच्या पाण्याचे गणित कुठे आहे? भरीस भर म्हणून 2025 मध्ये सरकारने 1947 चा तुकडेबंदी कायदा सैल करून गुंठ्यांचे व्यवहार नियमित करायला घेतले. तुकडा कायदेशीर झाल्याने त्याखाली झरा फुटत नसतो! अमेरिकेच्या वाळवंटातल्या अ‍ॅरिझोना राज्याने 1980 मध्येच कायदा केला: भूजल-नियंत्रित क्षेत्रात शंभर वर्षांच्या पाण्याची हमी दाखवा, मगच प्लॉट विका. 2023 मध्ये फिनिक्सभोवती भूजल पुरणार नाही असे दिसताच केवळ त्याच्या भरवशावरच्या नव्या वसाहतींना मंजुरी थांबवली. आमच्या राज्यकर्त्यांत ही हिंमत नाही.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने भर उन्हाळ्यात उपसा चाचणी घ्यावी, प्रयोगशाळेने पाणी तपासावे आणि तो दाखला जोडल्याशिवाय एकही रेखांकन मंजूर होऊ नये, एकही दस्त नोंदवला जाऊ नये. सरकार हे करीपर्यंत, प्लॉट घेणाऱ्यांनो, मे महिन्यातला पाण्याचा अहवाल हाती पडल्याशिवाय बयाण्याचा एक रुपयाही देऊ नका!