दुखऱ्या खांद्याला यंत्राचा आधार किती?

केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने ९ सप्टेंबर २०२५ रोजी एक पत्र काढले आणि फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी 'डॉ.' ही उपाधी लावू नये, असे बजावले. दुसऱ्याच दिवशी, अधिक विचार आवश्यक असल्याचे कारण देत, ते मागे घेण्यात आले. उपाधी कोणाची, या प्रश्नावर दोन व्यवसाय समोरासमोर उभे राहिले. या वादात रुग्णाचा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. खांदा दुखू लागला की शहरातला माणूस प्रथम कोणाकडे जातो? अनेकदा तो या दोघांपैकी कोणाकडेच जात नाही. तो मोबाइलवरून मसाज गन मागवतो.

या वागण्याला निव्वळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यामागे एक सरळ हिशेब आहे. फिजिओथेरपीच्या प्रत्येक खेपेला पैसे मोजावे लागतात, आणि आरोग्य विम्याचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर असल्याने हा खर्च बहुधा खिशातूनच होतो. सरकारी आणि पालिका रुग्णालयांत हे उपचार स्वस्त असले, तरी तेथील बाह्यरुग्ण विभागाची वेळ आणि नोकरदाराची कामाची वेळ एकच असते. त्यात लोकलचा किंवा बसचा प्रवास, तोही दुखऱ्या हाताने. याउलट यंत्र एकदाच विकत घ्यायचे, घरातल्या सर्वांनी वापरायचे आणि रात्री दहा वाजताही ते हाताशी असायचे. शिवाय अंग रगडून घेण्याची, तेल लावून शेक घेण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहेच. यंत्राने तिला विजेची जोड दिली, एवढेच.

अडचण पुढे आहे. यंत्र जे देते आणि खांद्याला जे हवे असते, त्या दोन गोष्टी नेहमी एकच नसतात.

यंत्र काय करते?

मिनिटाला दोन-तीन हजार ठोके देणारे हे हातातले यंत्र तसे अलीकडचे. लॉस एंजेलिसमधील कायरोप्रॅक्टर जेसन वर्सलँड यांनी मोटारसायकलच्या अपघातानंतर स्वतःच्या दुखण्यासाठी २००८ मध्ये असे एक यंत्र जुळवले. पुढे खेळाडूंच्या हाती दिसू लागल्यावर ते घराघरांत पोहोचले आणि त्याच्या स्वस्त आवृत्त्यांनी बाजार भरून गेला.

त्याने बरे वाटते, यात खोटे काही नाही. दुखऱ्या जागी चोळले की वेदना कमी का होते, याचे उत्तर रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या 'गेट कंट्रोल' सिद्धांतात मिळते. स्पर्श आणि दाबाच्या संवेदना मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट काही काळ अडवतात. याखेरीज आखडलेला स्नायू थोडा सैल होतो. ऑस्ट्रियात २०२० मध्ये झालेल्या एका प्रयोगात १६ तरुणांच्या पोटरीवर ५ मिनिटे मसाज गन चालवली, तेव्हा घोट्याच्या हालचालीत सुमारे ५ अंशांची वाढ दिसली. स्नायूंच्या ताकदीत मात्र फरक पडला नाही. एकूण अभ्यासांचा कल असाच आहे. लाभ खरा आहे, पण तात्पुरता. आणि हे प्रयोग बहुतांशी धडधाकट तरुणांवर झालेले आहेत. पन्नाशीतल्या, मधुमेह असलेल्या गृहिणीच्या जखडलेल्या खांद्याला त्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत.

खांद्याची गोष्ट वेगळी

शरीरातील सर्वांत मोकळेपणी फिरणारा सांधा खांद्याचा. दंडाच्या हाडाचा गोल माथा एका उथळ वाटीत टेकलेला असतो आणि त्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम 'रोटेटर कफ' हा चार स्नायूंचा गट करतो. दुखणे या स्नायूंच्या कंडरांचे असू शकते, सांध्याभोवतीच्या आवरणाचे असू शकते, किंवा मानेतल्या दबलेल्या नसेचेही असू शकते. रुग्णाला तिन्ही वेळा जाणवतो तो 'खांदाच'. मसाज गनचा ठोका वरच्या जाड स्नायूंवर पडतो. खोलवर आक्रसलेले आवरण त्याने सैल होत नाही आणि फाटलेली कंडरा त्याने सांधत नाही.

अमेरिकन शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये ज्याला 'फ्रोझन शोल्डर' हे नाव दिले, त्या विकारात हा फरक सर्वांत महाग पडतो. चाळिशी ते साठीच्या दरम्यान, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक दिसणारा हा विकार प्रथम रात्रीची झोप उडवतो आणि मग हात हळूहळू जखडत नेतो. केस विंचरणे, पाठीमागे हात नेऊन हुक लावणे, फडताळातला वरचा डबा काढणे अशक्य होऊन बसते. मधुमेहींत त्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज दिला. अशा देशात खांद्याचे दुखणे ही किरकोळ तक्रार राहत नाही. किंबहुना कित्येकदा जखडलेल्या खांद्याच्या निमित्ताने केलेल्या रक्ततपासणीतच मधुमेहाचा पत्ता लागतो. यंत्राने वेदना दबली, तर ही तपासणीही लांबणीवर पडते.

पुरावा दोन्ही बाजूंना अडचणीचा

येथवर वाचून फिजिओथेरपी केंद्रांची बाजू भक्कम झाली, असे कोणाला वाटेल. पुरावा मात्र त्यांनाही प्रश्न विचारतो. ब्रिटनमध्ये फ्रोझन शोल्डरच्या ५०३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन उपचारांची तुलना झाली. भूल देऊन खांदा मोकळा करणे, दुर्बिणीतून आवरण सैल करणे आणि स्टेरॉइडच्या इंजेक्शनसह आखून दिलेली फिजिओथेरपी, असे ते तीन उपचार. वर्षअखेरीस तिन्ही गटांतले रुग्ण बरेच सुधारले होते आणि कोणताही एक उपचार रुग्णाला जाणवेल इतका सरस ठरला नाही. म्हणजे शस्त्रक्रियेविनाही पल्ला गाठता येतो. पण त्यासाठी नियमित व्यायाम आणि धीर लागतो.

पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या ब्रिटिश चाचणीत रोटेटर कफचा त्रास असलेले ७०८ रुग्ण होते. काहींना सहापर्यंत सत्रांत टप्प्याटप्प्याने व्यायाम दिला, काहींना एकाच भेटीत नीट समजावून घरी करायचे व्यायाम लिहून दिले. वर्षभरातल्या निकालात लक्षणीय फरक आढळला नाही. वीस बैठकांचे 'पॅकेज' विकणाऱ्या केंद्रांनी हा निष्कर्ष भिंतीवर लावण्यासारखा आहे. तेथील यंत्रांची स्थितीही फार वेगळी नाही. रोटेटर कफच्या दुखण्यावरील विद्युत् उपचारांच्या २०१६ मधील कॉक्रेन आढाव्याने या यंत्रांमागचा बहुतांश पुरावा कमकुवत दर्जाचा ठरवला. रुग्ण बैठकीची वीस मिनिटे वायरी लावून पडून राहणार असेल आणि व्यायामाला पाच मिनिटे उरणार असतील, तर घरातली मसाज गन आणि दवाखान्यातले महागडे यंत्र यांत फरक किमतीचाच राहतो.

फिजिओथेरपीचा जन्मच मालिशीतून झाला, हे येथे आठवावे. लंडनमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांची संस्था काढली. ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांची आजची सनदी संस्था तिचीच वारस. मुंबईत केईएम रुग्णालयात १९५३ मध्ये या विषयाचे शिक्षण सुरू झाले, तेव्हा पोलिओने लुळ्या पडलेल्या हातापायांना पुन्हा कामाला लावणे हे मोठे आव्हान होते. या दीर्घ वाटचालीत व्यवसाय मालिशीकडून हालचालीकडे सरकला. हेच त्याचे खरे सामर्थ्य आहे आणि यंत्राला जागा द्यायची ती या सामर्थ्याच्या मागे.

जोड द्यावी, पर्याय करू नये

ही जागा ठरवणे अवघड नाही. आधी निदान, मग व्यायाम, आणि व्यायाम सुसह्य व्हावा म्हणून यंत्र, हा क्रम पाळला की बरेचसे साधते. पुढे वाकून हात लोलकासारखा झुलवणे किंवा बोटांनी भिंत चढत जाणे, हे व्यायाम सुरू करण्याआधी खांद्याच्या मागच्या आणि वरच्या मांसल भागावर मिनिट-दोन मिनिटे हलक्या वेगाने यंत्र फिरवायला सहसा हरकत नसते. हाडाचे टोक, गळ्याची बाजू, काख आणि सुजलेली जागा मात्र वर्ज्य. जोरात लावले म्हणजे लवकर बरे होते, हा समज घातक आहे. मसाज गनच्या वापरानंतर स्नायूपेशी मोठ्या प्रमाणात नष्ट झाल्याची आणि मानेवरील वापरानंतर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. ती विरळ आहेत. तरीही रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, हाडे ठिसूळ झालेल्यांनी आणि कर्करुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याविना यंत्राला हात लावू नये. मधुमेहाने त्वचेची संवेदना कमी झालेल्यांना तर उष्णता देणाऱ्या पट्ट्याचा चटका बसलेलाही कळत नाही.

उपयोग होतो की नाही, हे पाहण्याची कसोटी वेदनेची नसावी, हालचालीची असावी. भिंतीवर हात जिथवर पोहोचतो तिथे पेन्सिलीने खूण करावी. दोन-तीन आठवड्यांत खूण वर सरकली नाही, तर यंत्राने कितीही बरे वाटो, तपासणी टाळू नये. पडल्यानंतर हात अचानक उचलता न येणे, ताप, घटणारे वजन, हाताला मुंग्या व कमजोरी ही लक्षणे असतील तर तेवढीही वाट पाहू नये. डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर घाम आणि धाप असेल, तर रस्ता थेट रुग्णालयाचा.

जबाबदारी कोणाची?

सारा भार रुग्णाच्या शहाणपणावर टाकणे योग्य नव्हे. १ एप्रिल २०२० पासून रोगाचे निदान, उपचार किंवा शमन यांसाठी असलेली सर्व उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली. परंतु कायद्याची नजर उत्पादकाने सांगितलेल्या वापरावर असते. खोक्यावर 'आराम आणि ताजेतवानेपणा' छापायचे आणि जाहिरातीत मात्र खांदेदुखीपासून मुक्ती सुचवायची, ही पळवाट उघडी आहे. ती बुजवण्याचे साधन ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करता येतो. अन्नपदार्थ आणि शिकवणी वर्गांच्या दाव्यांइतक्याच कसोशीने घरगुती उपचारयंत्रांचे दावेही तपासले गेले पाहिजेत.

फिजिओथेरपीसह ५० हून अधिक व्यवसायांना एका चौकटीत आणणारा राष्ट्रीय कायदा २०२१ मध्ये झाला. महाराष्ट्राने तर त्याच्या कितीतरी आधी या क्षेत्रासाठी स्वतंत्र परिषदेचा कायदा केला होता. तेव्हा नोंदणीकृत व्यावसायिक कोण, हे ठरवण्याची यंत्रणा आहे. उणीव आहे ती पहिल्या भेटीची. एकाच नीट झालेल्या भेटीत निदान, समजावणी आणि घरच्या व्यायामाचा आराखडा मिळाला, तर पुष्कळ रुग्णांचे भागते, असे पुरावा सांगतो. सायंकाळी चालणारा पालिकेचा बाह्यरुग्ण विभाग आणि विम्यात या भेटीचा समावेश, एवढ्या दोन गोष्टींनी हे साधू शकेल. उपाधीचा वाद यथावकाश मिटेल. तोवर हजारो खांदे यंत्राच्या घरघरीखाली मुकाट्याने जखडत जाणार असतील, तर तो वाद कोणीही जिंकला तरी रुग्ण हरलेलाच असेल.