विश्लेषण : परदेशी कॅराव्हॅन ‘आपली’ करायची तर नेमके काय बदलावे लागते?

कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. घर म्हटले की सवयी आल्या आणि सवयी देशागणिक बदलतात. तरीही पडदे आणि सोफ्याचे कापड बदलले की आयात केलेली गाडी ‘स्थानिक’ झाली, असे मानले जाते. ही समजूत ग्राहकाला महागात पडू शकते.

दार कोणत्या बाजूला?

जर्मनीत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे तिथल्या कॅराव्हॅनचे दार उजवीकडे, म्हणजे फुटपाथच्या बाजूला असते. तीच गाडी ब्रिटनमध्ये रस्त्याकडेला उभी केली, तर दार थेट वाहतुकीत उघडते. लहान मुले घेऊन फिरणाऱ्या कुटुंबासाठी हा आवडीनिवडीचा नव्हे, सुरक्षेचा प्रश्न आहे.

स्लोव्हेनियाची ‘ॲड्रिया’ कंपनी ब्रिटनसाठी डावीकडे दार असलेली मॉडेल बनवते. बदल कारखान्यातच व्हावा, हेच योग्य. नंतर गॅरेजमध्ये भिंत कापून दार हलवले, तर सांध्यांतून पाणी झिरपण्याचा धोका वाढतो. या भिंती अनेक थर चिकटवून केलेल्या असतात. ओल शिरली की त्या आतून खराब होतात आणि बाहेरून लवकर कळतही नाही.

ओव्हन हवाच!

आतली मांडणीही वेगळी. ब्रिटिश ग्राहकाला ओव्हन, ग्रिल आणि पुढच्या खिडकीजवळ समोरासमोर सोफे हवे असतात. जर्मन मांडणीत अनेकदा पुढे पलंग आणि स्वयंपाकाला फक्त शेगडी असते. ब्रिटिशांची मागणी नखरा वाटेल. पण पावसाळी हवेत दिवसभर आत बसावे लागणाऱ्यांना बैठक मोठी लागणारच.

विजेचे गणित

अमेरिकेत वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. ऑस्ट्रेलियात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. त्यामुळे अमेरिकी उपकरणातली साधी मोटर सुमारे एक षष्ठांशाने मंद फिरते आणि तापू शकते. रुंदीचे काय? ऑस्ट्रेलियात कॅराव्हॅनसाठी मर्यादा २.५ मीटर, अमेरिकेत साडेआठ फूट, म्हणजे सुमारे २.५९ मीटर रुंदीच्या गाड्या सर्रास मिळतात. हे जास्तीचे ९ सेंटिमीटर कोणतेही गॅरेज सहज कापून देऊ शकत नाही.

महाराष्ट्राने काय घ्यावे?

राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. आपल्याकडेही वाहतूक डावीकडून, त्यामुळे दाराचा प्रश्न ब्रिटनसारखाच. त्यात आपल्या सवयींची भर. युरोपीय कॅसेट टॉयलेटची टाकी जेमतेम वीस लिटरची आणि कागद वापरणाऱ्यांसाठी आखलेली. जेट स्प्रे लावला की ती भराभर भरते. फोडणीचा धूर बाहेर नेणारा दमदार पंखा नसेल, तर रात्री त्याच वासात झोपावे लागेल.

म्हणून परदेशी गाडी, किंवा परदेशी आराखड्यावर बांधलेली गाडी घेताना तीन गोष्टी आधी विचारा. दार मुळातच डावीकडे आहे की नंतर हलवले? उपकरणे ५० हर्ट्झची आहेत का? आणि पाण्याच्या व मैल्याच्या टाक्या किती लिटरच्या? उत्तरे लेखी घ्या. सोफ्याचा रंग नंतरही बदलता येतो.